एक तास चाळीस मिनिटं

पंकजाक्षीला राग फार लवकर येतो, असं पेरयम गावात सगळेच म्हणतात. चहाच्या दुकानात म्हणतात, वाचनालयात म्हणतात, आणि तिची आई तंकम्मा तर घरी येणाऱ्याला उंबऱ्यावरच बजावते, "तिला काही विचारायचं तर सरळ विचारा. मदत करू का, असं मात्र विचारू नका." पण राग येतो म्हणणाऱ्यांतला एकही जण, तो का येतो हे विचारायला थांबत नाही.

पंकजाक्षी म्हणजे कमळासारखे डोळे असलेली. वडिलांच्या आईचं नाव तिला ठेवलं, तेव्हा तिला दिसत होतं. चौथ्या वर्षी ताप आला, तो उतरला तेव्हा नजर गेली होती. आता ती पस्तिशीची आहे. तिचं नाव पहिल्यांदा ऐकणारा माणूस अजूनही क्षणभर गप्प होतो. मग तीच म्हणते, "आजीचं नाव आहे. आजीला दिसायचं."

तंकम्माचं आयुष्य काजूच्या कारखान्यात गेलं. टरफलाच्या तेलानं काळी पडलेली तिची बोटं पुन्हा कधी उजळली नाहीत. मुलगी अंधशाळेतून शिकून बी.ए. होऊन परत आली, तेव्हा मामानं म्हणजे राघवननं सुचवलं की कुंडऱ्याच्या बसस्टँडवर लॉटरीची तिकिटं विकायला बसव. "आंधळ्या माणसाकडून लोक दयेनं घेतात. धंदा चांगला होतो."

"मामा, तुम्हीच विका की," पंकजाक्षी म्हणाली. "तुम्हाला सगळ्यांचे खिसे दिसतात."

राघवन मामा त्यानंतर दोन ओणम त्यांच्याकडे जेवायला आला नाही.

तिच्या आयुष्याला वळण लागलं ते गावच्या वाचनालयात. तिथे फिलिप्पोस सार, म्हणजे सर, बसायचे. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, लुंगीसारखा पांढरा मुंडू नेसलेले, खिशात नेहमी एक स्क्रूड्रायव्हर. वाचनालयाला कुणीतरी दिलेले दोन जुने कॉम्प्युटर त्यांनी उघडून पुसले आणि त्यांच्यावर लिनक्स टाकलं. का, तर म्हणे ते कुणाच्या मालकीचं नाही, उघडून आत बघता येतं, आणि बिघडलं तर कुणाची परवानगी न मागता दुरुस्त करता येतं. त्यात पडद्यावरची अक्षरं मोठ्यानं वाचून दाखवणारा एक आवाजही होता. तो ऐकून पंकजाक्षी पहिल्या दिवशी संध्याकाळपर्यंत खुर्चीवरून उठली नाही.

तिला प्रोग्राम लिहायला शिकायचं होतं. त्यासाठी लागणारी अवजारं त्या मशीनवर नव्हती, ती आधी बसवायला हवी होती. फिलिप्पोस सारांनी बसवायला घेतली, तर पडद्यावर एक सुबक चौकोन उघडला आणि आवाज बंद पडला. त्या चौकोनापुढे तो आवाज मुका होता.

"निळा चौकोन आलाय," सार म्हणाले. "त्यात हो आणि नाही, अशी दोन बटणं आहेत. हो दाबू?"

"सार, तुम्ही घरी गेल्यावर मला हे कोण सांगणार?"

सार विचारात पडले. दुसऱ्या दिवशी त्यांनी चित्रं, बटणं, बाण सगळं बंद केलं आणि तिला काळ्या पडद्यासमोर बसवलं. तिथे फक्त लिहायचं. आपण आज्ञा लिहायची, मशीननं उत्तर लिहायचं, आवाजानं ते वाचायचं. ज्यांना दिसतं त्यांना हे काम किचकट वाटतं. पंकजाक्षीला पहिल्यांदाच मशीनशी थेट बोलल्यासारखं वाटलं.

पुढची दोन वर्षं ती रोज वाचनालयात गेली. एकेक अवजार हातानं बसवायचं, काढायचं, पुन्हा बसवायचं. यात खरी गोम क्रमाची असते. एक घालायला जावं तर ते म्हणतं, आधी अमुक आणा. ते आणावं तर ते म्हणतं, माझ्याआधी तमुक. कुणाच्या आधी कोण, ही सगळी उतरंड तिनं ब्रेलमध्ये टोचून ठेवली आणि हळूहळू तोंडपाठ केली. फिलिप्पोस सार गेले तेव्हा ती घरबसल्या कोचीच्या एका छोट्या संस्थेसाठी प्रोग्राम तपासून देण्याचं काम करत होती. सारांच्या अंत्यविधीला ती चर्चमध्ये सगळ्यात मागे उभी राहिली, कारण पुढे गेली की लोक हात धरून खुर्चीवर बसवतात.

मग ती जाहिरात आली. जिल्ह्यातल्या एका निमसरकारी संस्थेत कनिष्ठ प्रोग्रामरची पदं भरायची होती, त्यातलं एक अंधांसाठी राखीव. परीक्षा तीन तासांची, एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या लॅबमध्ये. तीन प्रोग्राम मशीनवर लिहून, चालवून दाखवायचे. अर्जात रकाना होता, 'आवश्यक सुविधा'. पंकजाक्षीनं लिहिलं, पडदा वाचून दाखवणारा आवाज, आणि बाकी उमेदवारांना मिळेल तेच सगळं. उत्तर आलं की विनंतीची नोंद घेतली आहे.

परीक्षेच्या दिवशी सकाळी पुट्टू आणि हरभऱ्याची उसळ खाऊन ती आईबरोबर बसनं निघाली. फाटकावर तपासणी झाली. पहारेकऱ्यानं तिच्या पिशवीतला इअरफोन काढून घेतला. "असल्या वस्तू आत चालत नाहीत."

"मी कानानं वाचते," ती म्हणाली.

"नियम सगळ्यांना सारखा आहे, चेची," ताई म्हणावं तसं तो म्हणाला.

तिला मुख्य लॅबमध्ये नेलं नाही. शेजारच्या खोलीत नेलं. तिथे जुन्या कागदांचा आणि पालींचा वास होता. एक टेबल, एक कॉम्प्युटर, दोन खुर्च्या. एका खुर्चीवर कॉलेजच्या कार्यालयातल्या नफीसा कारकून बसल्या होत्या, पन्नाशीच्या, चुडे किणकिणवणाऱ्या.

"मी तुमची लेखनिक, मोळे," लेकीला हाक मारावी तसं नफीसा मायेनं म्हणाल्या. "तुम्ही सांगायचं, मी कागदावर लिहायचं."

"तुम्हाला प्रोग्राम लिहिता येतो, इत्ता?" पंकजाक्षीनं थोरल्या बहिणीला विचारावं तसं विचारलं.

"छे गं. मी हिंदीची बी.ए. आहे. येत असतं तर मला लेखनिक नेमलंच नसतं. नियमच तसा आहे."

तेवढ्यात परीक्षाप्रमुख शिवशंकर पिल्लै सार आले. पंकजाक्षीनं त्यांना विचारलं, कॉम्प्युटर आहे तर कागद कशाला? पिल्लै सारांनी समजूत घातल्यासारखं सांगितलं, "या मशीनवर काही नाही. नुसतं लिनक्स आहे. तुमच्यासाठी लेखनिक दिलाय ना, मग अवजारं घालून काय करायचंय? तुम्ही तोंडी सांगा, आम्ही समजून घेऊ."

"बाकीच्यांच्या मशीनवर आहेत?"

"त्यांच्यावर आहेत, अर्थात."

"त्यांना चुका झाल्या तर प्रोग्राम चालवून बघता येतील. मला कागद चालवून बघता येईल का?"

पिल्लै सार हसले. ते हसणं तिच्या फार ओळखीचं होतं. बस कंडक्टर तसंच हसतो, बँकेतला माणूस तसाच हसतो. लहान मुलानं चंद्र मागितल्यासारखं.

"टीचर," ते म्हणाले. ती टीचर नव्हती, पण अंध शिकलेली बाई म्हणजे टीचरच असणार, असं त्यांनी धरलं होतं. "टीचर, उगाच त्रास करून घेऊ नका. लेखनिक घ्या, पेपर द्या. तुम्ही आलात हेच मोठं आहे."

त्या शेवटच्या वाक्यानं पंकजाक्षीची कानशिलं तापली. ती उठून उभी राहिली. आवाज चढवला नाही, पण एकेक शब्द वेगळा काढला. "मी यायला आलेली नाही. परीक्षा द्यायला आले आहे. मला माझा इअरफोन द्या, या मशीनचा पासवर्ड द्या, आणि तुमच्या लॅबच्या सर्व्हरवर अवजारांच्या फाइली कुठे ठेवल्यात ते सांगा. बाकी मी बसवते. नाही म्हणायचं असेल तर तसं लिहून द्या, तुमच्या सहीनं."

सहीचं नाव काढल्यावर पिल्लै सार थोडे सैल झाले. इअरफोन यायला दहा मिनिटं गेली. लॅब सांभाळणारा जोसकुट्टी पासवर्ड आणि सर्व्हरचा पत्ता घेऊन आला, त्याला आणखी दहा. शेजारी दहाच्या ठोक्याला पेपर सुरू झाला होता. भिंतीपलीकडून कीबोर्डांचा आवाज येत होता. पंकजाक्षीला तो स्वच्छ ऐकू येत होता.

आता पेच असा होता की आवाज बसवायचा तर पडदा वाचायला हवा, आणि पडदा वाचायला आवाज हवा.

"इत्ता," ती म्हणाली, "लिहू नका. वाचा. पडद्यावर जे येईल ते अक्षर अन् अक्षर वाचा."

"मला इंग्रजी कळत नाही फारसं."

"कळायला नको. वाचता आलं की झालं."

पंकजाक्षीनं बोटांनी कीबोर्ड चाचपला, तीन कळा एकत्र दाबून काळा पडदा उघडला आणि पाठ असलेली पहिली आज्ञा लिहिली.

"काहीतरी आलं," नफीसा म्हणाल्या. "ई. दोन टिंबं. यू, एन, ए..."

"सापडत नाही म्हणतंय. बरोबर. हे मशीन बाहेर शोधतंय आणि बाहेरचं नेट परीक्षेसाठी तोडलंय." तिनं कॉलेजच्या सर्व्हरवरून एकेक फाइल स्वतः ओढून घ्यायला सुरुवात केली. फाइलींची नावं लांबलचक, त्यात आकडे, त्यात टिंबं. नफीसा वाचत होत्या, पंकजाक्षी लिहीत होती. एक टिंब चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. मधेच मशीन अडलं.

"आता काय म्हणतंय मेलं?" नफीसांनी विचारलं. त्यांनाही चेव चढला होता.

"म्हणतंय, मी एकटा येणार नाही. आधी माझ्या मेव्हण्याला बोलवा."

"आणि मेव्हण्याला बोलावलं की?"

"तो म्हणेल, सासऱ्याला."

"असल्या घरात मुलगी देऊ नये," नफीसा म्हणाल्या आणि पुढचं नाव वाचायला लागल्या.

अकरा फाइली बसल्या तेव्हा कुठे इअरफोनमध्ये खरखर झाली. पंकजाक्षीनं मशीनला स्वतःचं नाव म्हणायला लावलं. ते त्यानं असं तोडून-मोडून म्हटलं की इअरफोनचं एक टोक कानाला लावून ऐकणाऱ्या नफीसा तोंडावर पदर धरून हसल्या. पंकजाक्षी हसली नाही. तिला वेळ विचारायची होती.

"अकरा वाजून पाच," नफीसा म्हणाल्या आणि त्यांचंही हसू ओसरलं.

पुढचं काम पंकजाक्षीनं एकटीनं केलं. प्रोग्रामला मशीनच्या भाषेत उतरवणारा कंपायलर, त्याच्याआधी त्याला लागणारे जोडणारे भाग, त्यांच्याआधी मूळ लायब्ररी, म्हणजे तयार तुकड्यांचे संच. उतरंडीतलं एकेक भांडं खालून वर. नफीसा नुसत्या बघत होत्या. पुढे या परीक्षेच्या तक्रारीवर सुनावणी झाली, तिथे त्यांनी सांगितलं की त्यांच्या डोळ्यांसमोर त्या बोटांनी एकदाही थांबून विचार केला नाही. शेवटचा भाग बसला तेव्हा अकरा चाळीस झाले होते.

तेव्हा कुठे तिनं प्रश्नपत्रिका ऐकली.

एक वाजता पिल्लै सार आत आले. तिचा दुसरा प्रोग्राम नुकताच चालला होता, तिसरा अर्धा होता. "वेळ संपली, टीचर."

"अंधांना तासाला वीस मिनिटं जादा असतात. माझा एक तास बाकी आहे."

"तो तुम्ही दुरुस्तीत घालवलात. लेखनिक घेतला असता तर मिळाला असता."

पंकजाक्षीचे हात कीबोर्डवरच राहिले. ती नंतर म्हणायची की आयुष्यात इतका राग कधी आला नव्हता, आणि इतकं थंडही कधी वाटलं नव्हतं. लिनक्समध्ये काय बसवलं आणि किती वाजून किती मिनिटांनी बसवलं, याची नोंद मशीन आपणहून ठेवतं. तिनं ती नोंदीची फाइल उचलली, आपल्या उत्तरांच्या फोल्डरमध्ये टाकली आणि पिल्लै सारांच्या समोर फोल्डर जमा केलं. मग नफीसांना म्हणाली, "इत्ता, तुम्ही आजचं चार शब्दांत खरं सांगाल का, कधी कुणी विचारलं तर?"

"माझी नोकरी या कॉलेजात आहे, मोळे," नफीसा म्हणाल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "सांगेन."

दोन महिन्यांनी निकाल लागला. पंकजाक्षी अपात्र. शेऱ्यात लिहिलं होतं, 'लेखनिकाची सुविधा देण्यात आली. उमेदवारानं वेळेत उत्तरं पूर्ण केली नाहीत.'

तंकम्मानं तो कागद शेजारच्या मुलीकडून वाचून घेतला आणि चुलीपाशी जाऊन बसली. "जाऊ दे," ती म्हणाली. "मोठ्या लोकांशी कोण भांडणार? काम आहे ना तुला हातात?"

"अम्मा, तुझी बोटं काळी झाली तेव्हा हातमोजे द्या म्हणून कुणी भांडलं होतं का?"

"नाही."

"म्हणून काळी झाली."

दुसऱ्या दिवशी टपाल कचेरीत तक्रारीचं रजिस्टर पत्र टाकायला तंकम्माच गेली.

त्या परीक्षेला आणखी दोन अंध उमेदवार बसले होते, हे पंकजाक्षीला नंतर कळलं. एक पुनलूरचा शाजी, दुसरी करुनागपळ्ळीची सेलीना. दोघांनीही निमूटपणे लेखनिक घेतला होता आणि दोघांच्याही लेखनिकांनी कंस आणि स्वल्पविरामांचा पार बोजवारा उडवला होता. तिनं शाजीला फोन लावला आणि हॅलो म्हणायच्या आधीच झापलं. "तू गप्प का बसलास? तुला लिनक्स येतं, अवजारं बसवता येतात. मग तोंड का नाही उघडलं?"

"चेची, मागच्या वेळी एका परीक्षेत तोंड उघडलं होतं," शाजी म्हणाला. "त्यांनी मला बसूच दिलं नाही. या वेळी निदान पेपर तरी हातात मिळावा असं वाटलं."

पंकजाक्षीनं फोन ठेवला. तिला वाटलं होतं की तिच्या एकटीवर अन्याय झाला. आता तिला कळलं की तिला भांडता आलं, हीसुद्धा एक चैन होती. तिनं पाठवलेल्या तक्रारीची प्रत फाडली आणि अर्ज नव्यानं लिहिला. माझी परीक्षा पुन्हा घ्या, हे वाक्य काढलं. आम्हा तिघांची घ्या, असं लिहिलं.

सुनावणी दिव्यांग आयुक्तांपुढे साडेचार महिन्यांनी झाली. संस्थेच्या बाजूनं आलेल्या अधिकाऱ्यानं सांगितलं की उमेदवाराला सहानुभूतीनं वागवण्यात आलं होतं, स्वतंत्र खोली होती, पंखा होता, लेखनिक होता.

"मी सहानुभूती मागितली नव्हती," पंकजाक्षी म्हणाली. "पान दोन, रकाना अकरा. तिथे आवाज मागितला होता. आणि बाकीच्यांना दिलंत ते सगळं."

मग तिच्याच उत्तरांच्या फोल्डरमधली नोंद वाचली गेली. दहा वाजून चोवीस मिनिटांनी पहिला भाग बसला, अकरा चाळीसला शेवटचा. त्याच्या आधी इअरफोनची आणि पासवर्डची वाट बघणं. बाकीच्यांच्या मशीनवर हेच सगळं आदल्या दिवशीच बसलेलं होतं. नफीसा आल्या होत्या. चुडे किणकिणवत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "या बाईची एक तास चाळीस मिनिटं चोरीला गेली. मी तिथे होते." पिल्लै सार मान खाली घालून बसल्याचं आईनं नंतर पंकजाक्षीला सांगितलं. पंकजाक्षी म्हणाली, "मान खाली घातल्यानं मिनिटं परत येत नाहीत."

फेरपरीक्षेचा आदेश निघाला, तिघांसाठी. एका वर्तमानपत्राचा माणूस घरी आला. त्याला अंधारावर मात वगैरे लिहायचं होतं. पंकजाक्षीनं त्याला कप्पा, म्हणजे उकडलेला टॅपिओका, आणि मासळीचं कालवण वाढलं, आणि जेवण झाल्यावर सांगितलं, "माझ्या डोळ्यांबद्दल एक ओळ लिहिलीत तर छापू नका. त्यांच्या लॅबबद्दल लिहा." त्यानं काहीच छापलं नाही.

फेरपरीक्षेच्या आधी तिनं शाजीला आणि सेलीनाला आठ दिवस वाचनालयात बोलावून घेतलं. फिलिप्पोस सारांच्या त्याच जुन्या मशीनवर तिघं मिळून अवजारं बसवायची आणि पुसून टाकायची. कुणाच्या आधी कोण, हे झोपेतही सांगता येईल इतकं तिनं दोघांकडून घोटून घेतलं. शाजी चुकला की ती फटकारायची, आणि तो म्हणायचा, "चेची, तुमच्यापुढे ते पिल्लै सार बरे."

पुन्हा काहीतरी अपुरं असणार, ही तिची शंका खरी ठरली. नव्या लॅबमध्ये तिन्ही मशीनवर आवाज होता, पण कंपायलर नव्हता. आवाज दिला म्हणजे झालं, असं कुणीतरी ठरवलं होतं. तिघांनी तो स्वतः बसवला. या वेळी घड्याळ मात्र अवजारं बसल्यावर सुरू झालं, ते तिनं आधीच लिहून घेतलं होतं.

राखीव पद एकच होतं आणि ते शाजीला मिळालं. तिला त्याच्यापेक्षा दोन गुण कमी पडले. गावात लोक म्हणाले, भांडली ही आणि नोकरी त्याला. राघवन मामा तर मुद्दाम घरी येऊन म्हणाला. पंकजाक्षीनं त्याला विचारलं, "त्याचा तिसरा प्रोग्राम माझ्यापेक्षा चांगला होता. मग पद कुणाला मिळायला हवं होतं?" त्या दिवशी ती दुपारभर माजघरात पडून होती, हे तंकम्माला ठाऊक आहे. दोन गुणांचं दुःख तिला झालं. पण त्यात संताप नव्हता, आणि या दोन गोष्टींतला फरक तिला नीट कळत होता.

संताप परत आला तो तीन आठवड्यांनी. शाजीचा फोन आला. त्याला कामावर घेतलं, पण बसवलं टेलिफोनवर. आलेले फोन उचलायचे आणि जोडून द्यायचे. कॉम्प्युटर दिलाच नव्हता.

"तू काय म्हणालास?"

"म्हणालो, मी प्रोग्रामर आहे. ते म्हणाले, पगार तोच मिळतोय ना."

"उद्या मी येते," पंकजाक्षी म्हणाली.

ती गेली. सकाळच्या बसनं, आईला न घेता. शाजीच्या साहेबासमोर बसून तिनं आदेशाची प्रत टेबलावर ठेवली आणि शाजीचं नेमणूकपत्र साहेबाकडून मोठ्यानं वाचून घेतलं, पदाचं नाव दोनदा. त्यानंतरही शाजीला मशीन मिळायला दोन महिने आणि चार पत्रं लागली. मिळालं तेव्हा त्याच्यावर काही बसवलेलं नव्हतं. शाजीनं सगळं स्वतः बसवलं आणि दुपारी तिला कळवलं.

सेलीना यंदा दुसऱ्या एका परीक्षेला बसली आहे. तिच्या प्रवेशपत्रावर पुन्हा तेच छापून आलंय, की विनंतीची नोंद घेतली आहे. परीक्षा चोवीस तारखेला आहे. पंकजाक्षीनं त्या केंद्राला पत्र लिहिलंय की तेवीसला दुपारी आम्ही लॅब बघायला येत आहोत. परवानगी मागितलेली नाही.